घोट्याचं माप

दुपारची जेवणं उरकून घर जरा कुठं गप्प झालं होतं. शिलाई मशीन थांबलेलं, नळ बंद, आणि पाच वर्षांची लेक कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर मांजरासारखं मुटकुळं करून झोपलेली. लेकीला घरात सगळे 'बटण' म्हणत. एवढ्यात खऱ्या बटणांचा डबा खुळखुळला. झाकणावर ठेवलेला फोन थरथरत होता आणि त्याच्याबरोबर आत दोन-तीनशे बटणं नाचत होती. मशीनपाशी बसलेल्या बटणच्या आईनं झडप घालून फोन उचलला. नणंदेचा फोन. म्हणजे पार्सल पोचलं परत, ती मनाशी म्हणाली, आणि पदरानं घाम पुसून तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो?… हो, मीच. हळू बोलतेय, बटण झोपलीय… हो, ऐकतेय… हो. हो, मीच परत पाठवलं… नाही गं, पोस्टमनची काही चूक नाही. त्या बिचाऱ्याला कशाला शिव्या? 'घेणाऱ्याने नाकारले' असं त्यानं माझ्यासमोरच लिहिलं. लिहायच्या आधी दोनदा विचारलं, 'नक्की का बाई?' मी म्हटलं, नक्की… काय म्हणालीस? वहिनी?… बरं. वहिनी म्हणालीस म्हणजे पारा चांगलाच चढलाय."

दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. शिवणाच्या तासाला हिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून मैत्रिणीनं हिचं नावच टाचणी ठेवलं. पुढं टाचणीनं मैत्रिणीच्याच भावाशी लग्न केलं आणि कागदोपत्री ती वहिनी झाली. पण नणंद तिला वहिनी म्हणायची ती फक्त भांडायला उभी राहिली की.

"तुझी जेवणाची सुट्टी किती वेळ आहे?… अर्धा तास. त्यातली पाच मिनिटं मला झाडण्यात गेली. उरलेली पंचवीस मला दे… अगं ऐक ना! आई ठीक आहेत… नाही, लपवत नाहीये. ठीक नाहीत, ठणठणीत आहेत!… इथे नाहीत म्हणून देत नाहीये फोन… दवाखान्यात नाही गं बाई! वाचनालयात गेल्यात. वरच्या मजल्यावर, रेकॉर्डिंगच्या खोलीत… हो, तीच. बेचाळीस पायऱ्यांवाली… एकट्या! मी खाली उभी राहून मोजत होते. विसाव्या पायरीवर थांबल्या, मला वाटलं झालं. तर मागं वळून मला म्हणतात कशा, 'घरी जा, ब्लाऊज द्यायचेत ना तुला?' आणि गेल्या तरातरा."

हे सांगताना ती नकळत खुर्चीवरून उठली. झोपलेल्या लेकीला ओलांडून खिडकीशी गेली आणि पुन्हा परत आली. सासूबाई गेली अकरा वर्षं अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या. रोज तीन तास बोलायचं म्हणजे गळा जपायला हवा. म्हणून तोंडात सदा ज्येष्ठमधाची काडी. एक संपली की दुसरी. आणि गेल्या वर्षापासून ती काडी बाजारातली साधीसुधी नव्हे, लेकीनं पाठवलेली. नणंद दूर एका औषधी मुळ्यांच्या गोदामात निवडणीच्या टेबलावर काम करत होती. शेकडो मुळ्यांतून जाड, पिवळीधम्मक, न किडलेली मुळी ती आईसाठी बाजूला काढायची, पैसे भरून घ्यायची, आणि दर महिन्याला तपकिरी कागदात बांधून पाठवायची. तेच पार्सल आज तिच्या हातात परत पडलं होतं.

"आता मुद्द्याचं बोलू? रागावणार नाहीस?… बरं, रागाव, पण फोन ठेवू नकोस. गेलं वर्ष आठव. आधी आईंना दाबाची एक गोळी. मग दोन. मग पायाची सूज उतरावी म्हणून लघवीची तिसरी. तरी दाब एकशे ऐंशीच्या खाली यायला तयार नाही. पाय हे एवढाले. रात्री पोटऱ्यांत गोळे… आणि एक तुला माहीत नाही. त्या एकदा वाचनालयाच्या नवव्या पायरीवर बसल्या. पाय उचलेचना… नाही सांगितलं. आईंनी शपथ घातली होती… डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं. शेजारी म्हणाले, वय झालं. तुझा भाऊसुद्धा म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, वय काय असं एका वर्षात होतं? … हो ना! आदल्या वर्षी तर त्या तुझ्याबरोबर टेकडी चढून गेल्या होत्या!

"…पुस्तक? ते दोनशे बाराव्या पानावर अडकलं. खलाशाची गोष्ट चालली होती, जहाज खडकावर आपटलेलं, आणि आई अंथरुणात! मुलं त्या रेकॉर्डिंगवाल्याला रोज विचारायची, म्हातारा खलाशी वाचला का? तो मला विचारायचा. मी आईंना विचारायचे. आई भिंतीकडे तोंड करायच्या आणि म्हणायच्या, 'दुसरी कुणीतरी वाचणारी बघा म्हणावं.' … हो. तुझी आई! असं म्हणाली!

"तर ऐक. सुजल्या पायांना चप्पल होईना, म्हणून मी त्यांना कापडी सपाता शिवायला घेतल्या. एक जोड झाला, तो घट्ट. दुसरा शिवला, तोही घट्ट. मग मी दर शनिवारी घोट्याचं मापच घ्यायला लागले. गिऱ्हाइकांच्या वहीत, छाती-कंबर-बाहीच्या शेजारी, 'आई, घोटा, साडेनऊ. आई, घोटा, दहा.' … हस, हस. तुझा भाऊही हसला होता. म्हणाला, घोट्याला ब्लाऊज शिवतेस का? आता पुढचं ऐकशील तर हसू पळेल.

"तुझ्या पार्सलाचा कागद मी कधी टाकते का? जाड, कडक, छान कागद. त्याच्यावर बाह्यांचे, गळ्यांचे नमुने कापते मी. सगळे खिळ्याला टांगलेत, वर्षभराचे. त्या दिवशी बाहीचा नमुना काढला, टेबलावर पसरला, तर कोपऱ्यात टपालाचा शिक्का. तारीख स्पष्ट. आणि शेजारी वही उघडी, त्याच आठवड्यातलं माप… थांब, घाई करू नकोस. टपालवाल्यांचा संप आठवतो? तीन आठवडे काही हललं नव्हतं? तुझं पार्सल कुठल्याशा डेपोत पडून होतं आणि तू रोज फोन करून जीव खात होतीस? … हां. त्या तीन आठवड्यांत घोटा दहावरून सव्वानऊवर आला. आपोआप! गोळ्या त्याच. जेवण तेच, मीठ तेच, मीही तीच. फक्त काडी संपलेली. मग संप मिटला, पार्सल आलं, आई खूश… आणि तिसऱ्या शनिवारी माप पुन्हा दहा.

"…हॅलो? … आहेस ना?"

होती. पलीकडे गोदामातल्या बायकांची बडबड ऐकू येत होती, डब्यांचे आवाज येत होते, पण नणंद गप्प होती. शाळेतही ती अशीच गप्प व्हायची. आधी गप्प, मग स्फोट. टाचणीनं फोन कानापासून चार बोटं लांब धरला.

"…हो. हो. झालं बोलून? … नाही, तुझ्या मालावर आळ नाही घेत. उलट! तुझा माल अस्सल म्हणून तर लागू पडला. एखाद्या लबाडानं भुस्सा भरलेली मुळी पाठवली असती ना, आईंना काही झालं नसतं! … हसलीस? नाही? बरं, नको हसूस.

"…घेतात ना, हजार वर्षं घेतात. पण घसा बसला की चार दिवस घेतात. हजार वर्षं एकच माणूस घेत नाही ना बसून! … झाडपाल्याचं नुकसान नसतं हे तुला कुणी सांगितलं? धोतरा काय कारखान्यात बनतो? … अगं, ज्याच्यात गुण करायची ताकद असते, त्याच्यातच अवगुण करायचीही असणार. गुण मात्र औषधाचा आणि अवगुण वयाचा, असं कसं चालेल?

"…नाही, मी माझ्या मनानं काही केलं नाही. गोळ्यांना हात लावला नाही. वही घेतली, कागद घेतले, आईंना रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, 'आणखी कुठलं औषध घेता?' आई म्हणाल्या, 'नाही.' आणि खोटं नव्हत्या बोलत हं! आईंच्या लेखी औषध म्हणजे पांढऱ्या डब्यातलं. काडी असते चष्म्याच्या डबीत. वर्षभर डॉक्टर विचारतायत औषध, आणि वर्षभर आई प्रामाणिकपणे म्हणतायत, नाही!

"मग मी काय केलं? आईंच्या पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. खडखड खडखड… सात काड्या. म्हटलं, ही दिवसाची. शिवाय संध्याकाळी चहात चमचाभर पूड… अगं, डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच! काडी उचलली, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हे जास्त दिवस पोटात गेलं की अंगात पाणी साठतं, दाब चढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. म्हणून पायात जोर नाही. आणि सुजेसाठी मी जी गोळी वाढवली, तिनंही तेच उतरवलं, म्हणाल्या. म्हणजे एकीकडून तुझी काडी ओढतेय, दुसरीकडून त्यांची गोळी, आणि मध्ये तुझी आई.

"…हो, रक्त तपासलं. लगेच… सांगते. सांगते गं. इतकं उतरलं होतं की त्यांनी घरी सोडलंच नाही. दोन दिवस ठेवून घेतलं. छातीला तारा लावल्या होत्या. अजून थोडं खाली गेलं असतं तर ठोके चुकले असते म्हणाल्या…

"…रडू नकोस. अगं, रडू नकोस ना. दीड महिना झाला त्याला. आत्ता त्या बेचाळीस पायऱ्या चढून खलाशाला वाचवतायत आणि तू कशाला रडतेस? … हो. ते चुकलं माझं. दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुला कळवायला हवं होतं, शपथ असो नाहीतर आणखी काही. ती शिवी मला लागू आहे, दे… दिलीस? … अजून एक? … बरं, घेतली."

तिच्या गळ्यात लोंबणारी मापाची टेप तिनं बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दवाखान्यातल्या त्या दोन रात्री तिला आठवल्या. नवरा बाकावर बसलेला, मांडीवर झोपलेली बटण, आणि सासूबाई पांढऱ्या चादरीत हलक्या आवाजात बजावत होत्या, 'तिला कळू देऊ नकोस हं. निवडून निवडून पाठवते पोरगी.' स्वतःच्या छातीला तारा लावलेल्या, आणि काळजी कुणाची, तर मुळ्या निवडणाऱ्या लेकीच्या मनाची.

"ऐक ना, आता गंमत ऐक. आई दर रविवारी तुला सांगायच्या ना, 'काडी फार छान आहे गं या खेपेची'? सगळं खोटं! मी शेजारीच बसलेली असायचे. फोन ठेवला की गरम पाण्याचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, देवा, या वयात खोटं बोलायला लावलंस… आणि मग तुझं नवं पार्सल दारात आलं. आई आंघोळीला गेलेल्या. मला कळेना काय करू. घेतलं तर घरात ठेवायचं कुठं? आईंच्या नाकाला वास लागला तर संपलंच. फेकवेना, तू निवडलेलं. म्हणून परत पाठवलं. तुझ्या भावाला म्हटलं, तू सांग तिला. तो म्हणाला, तूच सांग, मी बाहेरगावी जातो… अगदी! जन्माचा भित्रा!

"…वैद्यांकडे? गेले ना. खरं सांगू, भांडायलाच गेले होते. पदर खोचून. म्हटलं, तुम्हीच ही काडी तोंडात दिलीत माझ्या सासूच्या. त्यांनी शांतपणे जुनी वही काढली. अगदी माझ्यासारखीच वही गं, कोपरे दुमडलेली. चार वर्षांपूर्वीची नोंद. 'घसा बसला. ज्येष्ठमध चिमूटभर, पंधरा दिवस.' खाली रेघ मारलेली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, 'पंधरा दिवस माझे. पुढची चार वर्षं कुणाची?' … मी खोचलेला पदर गुपचूप सोडला. दाब सुरू झाल्यावर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दाबवाल्यांना मी ही देतच नाही, म्हणाले. उलट त्यांनीच डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहून दिली, केव्हापासून, किती, कशासाठी. दोघं एकाच रस्त्यावर बसतात वीस वर्षं, आणि पहिली चिठ्ठी ही!

"हं, आता आजचं. तुझ्यासाठी राखून ठेवलंय. बसलीयस ना? … आज सकाळचा दाब. वरचा एकशे अठ्ठावीस! खालचा अठ्ठ्याहत्तर!… हो! मलाही खरं वाटेना, मी म्हटलं पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजला, एकशे सव्वीस!… रक्त? अगदी जिथे हवं तिथे. आणि तीन गोळ्यांच्या जागी आता एकच. डॉक्टरांनी एकेक करून कमी केल्या, दर आठवड्याला बघून… घोटा? विचारलंस शेवटी! पावणेनऊ! सपाता इतक्या ढिल्या झाल्या की चालताना निसटतात. परवा उसवून पुन्हा शिवल्या. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं माप कमी झालं म्हणून मी नाचले!"

आणि खरंच, त्या एवढ्याशा खोलीत, मशीन आणि भिंत यांच्या मधल्या दोन फरशांवर तिनं एक गिरकी घेतली. बटणांच्या डब्याला धक्का लागला, एक पांढरं बटण टुणकन खाली पडलं आणि घरंगळत कापडाच्या ढिगाकडे गेलं. ढिगावरची मुलगी जरा हलली.

"…आवाज ना? खरखरतो थोडा. त्याचीच धास्ती होती आईंना. काडीशिवाय मी वाचणारच कशी? पण गरम पाणी घेतात, दर वीस मिनिटांनी थांबतात. तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आजी, हीच खरखर राहू दे, म्हाताऱ्या खलाशाला शोभते! … हो ना! आज शेवटचं प्रकरण. चारपर्यंत संपेल. उद्या मुलांना कळेल वाचला की नाही… मला काय माहीत? मलाही सांगत नाहीत. म्हणतात, ऐकायचं तर रांगेत बस.

"आणखी एक. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, रागावू नका, पण तुम्ही 'औषध' म्हणून विचारता ना, तिथेच घोळ आहे. काढ्याला कुणी औषध म्हणत नाही, चूर्णाला म्हणत नाही, काडीला तर नाहीच. 'दिवसभरात तोंडात काय काय जातं' असं विचारा… अगं, दुसऱ्या दिवशी कंपाउंडरच्या खिडकीवर कागद! मोठ्या अक्षरात! 'काढा, चूर्ण, मुळी, पाला, चहात घालायचं काही, जे घेता ते सोबत आणून दाखवा.' माझं वाक्य, तुझ्या पार्सलाच्या कागदावर… हो, मीच दिला कागद, तपकिरी. पहिल्या आठवड्यात सतराजणांनी पिशव्या उघडल्या म्हणे. एका काकांनी पुडी काढली ती थेट पायमोज्यातून! बायकोपासून लपवलेली!… नाही गं, सगळंच वाईट निघालं असं नाही. बऱ्याच जणांना सांगितलं, घ्या खुशाल. पण डॉक्टरांना कळलं तरी ना, कुणाच्या पोटात काय आहे ते.

"…काय? … हं. … हं. … खरंच? मुकादम ऐकेल? … तू लिहून दे ना. साधंच लिही. 'रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. फार दिवस घेऊ नये.' एवढी चिठ्ठी प्रत्येक पुडक्यात टाकायला काय जातंय? … नाही म्हणाला तर? … 'तर मी माझ्या टेबलावरच्या पुडक्यांत तरी टाकेन'… हां! आता बोललीस माझ्या मैत्रिणीसारखी!

"…काय म्हणालीस? … पुन्हा म्हण. … टाचणी."

तिनं डोळे मिटले. दीड महिना छातीत रुतलेलं काहीतरी त्या एका हाकेनं निघालं.

"…अगं, त्याच्याऐवजी दुसरं काय पाठवू म्हणून काय विचारतेस? काही पाठवू नकोस. तू ये… रजा माग. मिळेल. आईंना पायऱ्या चढताना बघ एकदा. तुला बघून त्या मुद्दाम धावतील, ते मात्र मी होऊ देणार नाही… हो, ये गं. चार दिवस तरी ये. घोट्याचं माप तू घे या खेपेला, मी वही धरते…

"थांब, काहीतरी… बटण? उठलीस होय?"

बटण कधीच उठली होती. ती टेबलाखाली मांडी घालून बसली होती. आईच्या गळ्यातून सुटून लोंबणारं टेपचं टोक तिनं आईच्या घोट्याभोवती गुंडाळलं होतं आणि जीभ बाहेर काढून त्यावरचे आकडे वाचायचा प्रयत्न चालला होता. हाताशी मघाचं पांढरं बटण.

"अगं, ही माझंच माप घेतेय! ऐक, तुझी भाची शिंपीण झाली… बोल, आत्याशी बोल. आत्या येणारेय."

तिनं फोन खाली धरला. बटणनं फोनकडे पाहिलं नाही. आकड्यावर बोट तसंच ठेवून तिनं मान वर केली. झोपेतून नुकत्याच उठलेल्या पोरांचे डोळे असतात तसे, स्वच्छ आणि गंभीर डोळे.

"आई, आत्या लांब राहते म्हणून आजीच्या पायाचं माप तू घेतेस ना?"

"हो गं राणी."

"मग मी मोठी होऊन लांब गेले, की तुझ्या पायाचं माप कोण घेणार?"

फोन दोघींच्या मध्ये उघडा होता. तिकडे नणंदेनंही ऐकलं असणार. मग गोदामाचा भोंगा वाजला, सुट्टी संपल्याचा, आणि कुणीच काही बोलायच्या आत फोन बंद झाला. घोट्याभोवती टेप तशीच होती, आणि बटण वर बघत उत्तराची वाट पाहत होती.